गरोदरपण, सीएमएल आणि इंटरफेरॉन: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातला सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग आज गोळीवर चालतो. इमॅटिनिब सुरू करायचं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि बहुतेक रुग्ण पुढची कितीतरी वर्षं शेती-नोकरी-संसार करत राहतात. बेळगावात माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत निपाणीकडचे तंबाखूचे शेतकरी आहेत, उद्यमबागेतले टर्नर-फिटर आहेत, एक निवृत्त मास्तर आहेत. यांच्यापैकी कुणालाही मी इंटरफेरॉन दिलेलं नव्हतं. सीएमएलच्या धड्यात ते औषध आता इतिहासाच्या परिच्छेदात गेलंय. खानापूर तालुक्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या बाईमुळे तो परिच्छेद पुन्हा नीट वाचावा लागला. तिच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लग्नाला पाच वर्षं झालेली, पहिलंच गरोदरपण, तेरावा आठवडा. गाव जांबोटीच्या बाजूचं. घरी भात आणि थोडे काजू, नवरा उद्यमबागेत मशीन शॉपला. उपकेंद्रात नाव घातलं, तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदणी कार्ड) निघालं, आणि रिवाजाप्रमाणे तालुक्याला रक्त-लघवीची तपासणी झाली. हिमोग्लोबिन ९.४ आलं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. आमच्याकडे निम्म्या गरोदर बायकांचं तेवढंच असावं असं वाटतं. पण पांढऱ्या पेशी १,१८,०००. तिथल्या तंत्रज्ञानं मशीनवर विश्वास न ठेवता नमुना पुन्हा लावला, पुन्हा तोच आकडा आला, आणि त्यानं रिपोर्ट हातात देण्याऐवजी थेट डॉक्टरांना गाठलं. असा माणूस तालुक्याच्या प्रयोगशाळेत असणं हे त्या बाईचं नशीब.

गरोदरपणात पांढऱ्या पेशी थोड्या वाढतातच. पंधरा-सोळा हजार दिसल्या आणि ताप नसला तर मी काळजी करत नाही. लाखाच्या वरचा आकडा मात्र गरोदरपणाच्या खात्यात टाकता येत नाही. सासूबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "अंगात उष्णता वाढलीया म्हणून आसंल की ओ." मी पोट तपासलं. डाव्या बरगडीखाली प्लीहा सहा सेंटिमीटर उतरलेली. "दोन घास भाकरी खाल्ली की पोट भरतंय" असं ती सांगत होती, आणि घरातले सगळे ते डोहाळ्यांवर ढकलत होते. भूक नव्हे, जागाच कमी पडत होती.

रक्ताची काच मी स्वतः पाहिली. सीएमएलची काच एकदा पाहिली की विसरत नाही. मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड, पक्व न्यूट्रोफिल, अशा एरवी अस्थिमज्जेत राहणाऱ्या सगळ्या अवस्था उघड्या रक्तात गर्दी करून उभ्या. मध्येच गडद निळे दाणे भरलेले बेसोफिल, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. ब्लास्ट, म्हणजे अगदी अपक्व पेशी, २ टक्के; त्या वाढल्या की आजार बळावतो. प्लेटलेट ५,४०,०००. म्हणजे आजार क्रॉनिक अवस्थेत, हाताशी वेळ आहे. मज्जेचा नमुना घेतला. पीसीआर या जनुकीय तपासणीत बीसीआर-एबीएल ही सीएमएलची खूण सापडली.

या नावामागची गोष्ट थोडक्यात. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक तोकडं गुणसूत्र दिसलं; शहरावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ते तुटलेलं नाही, त्याची अदलाबदल झालेली आहे: ९ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा २२ वर आणि २२ चा ९ वर. या जोडणीतून बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं. ते टायरोसिन कायनेज, म्हणजे वाढीचे निरोप पोचवणारं विकर आहे, आणि कायम चालू राहतं. मज्जेतल्या पेशीला "वाढ, विभाग" हा निरोप थांबतच नाही.

गोळी का नाही

इमॅटिनिब बरोबर याच प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. अडचण ही की ते केआयटी आणि पीडीजीएफ या ग्राहींनाही थोपवतं, आणि बाळाचे अवयव घडताना या दोन्हींची गरज असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात गरोदरपणात इमॅटिनिब पोटात गेलेल्या १८० स्त्रियांची नोंद होती. त्यांतल्या १२५ जणींचं पुढं काय झालं ते कळलं. निम्म्या जणींना धडधाकट मुलं झाली. पण १२ बाळांत व्यंगं सापडली आणि त्यांतल्या तिघांची गुंतागुंतीची व्यंगं एकमेकांशी विलक्षण मिळतीजुळती होती. तीन बाळांत एकच नमुना दिसला की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्याच गटातलं डासाटिनिब तर गरोदरपणात कुठल्याच महिन्यात नको. पांढऱ्या पेशी उतरवणारं जुनं औषध हायड्रॉक्सियुरिया डीएनए तयार होण्यातच खोडा घालतं, म्हणून पहिल्या तिमाहीच्या आसपास तेही बाजूला.

उरलेले रस्ते: गर्भपात करून लगेच गोळी, काहीच न देता नुसतं रक्त पाहत राहणं, यंत्रातून रक्त फिरवून पांढऱ्या पेशी काढून टाकणं, ज्याचा परिणाम थोडे दिवसच टिकतो, नाहीतर इंटरफेरॉन. पेशी पन्नास-साठ हजारांत असत्या तर मी नुसतं पाहत राहण्याला मत दिलं असतं. १,१८,००० आणि वाढलेली प्लीहा घेऊन आणखी सहा महिने काढणं धोक्याचं होतं. रक्त दाट होतं, वारेतली छोटी रक्तवाहिनीसुद्धा तुंबू शकते.

घरच्यांची बैठक माझ्या खोलीतच झाली. कोल्हापूरचे मामा फोनवर होते. त्यांचा एकच मुद्दा, "टाटाला न्या, इथं काय करत बसलाय." सासऱ्यांना खर्चाची चिंता. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना महात्मा जोतिराव फुले योजना लागू केली तिच्यात आपण येतो का, की कर्नाटकच्या आरोग्य कर्नाटक योजनेत, की दोन्हीत, हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. सीमाभागात कागद जास्त असतात, आणि नेमका हवा तो नसतो. एका नातलगानं स्पष्टच सांगितलं, "पाडूया, ती जगली तर पोरं होतील पुढं." गर्भपाताचा मार्ग खरोखर होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर तो कायद्यानं शक्य आहे, आणि वैद्यकीयदृष्ट्या तो चुकीचाही ठरला नसता. पण बोलणारे सगळे तिच्याभोवतीचे होते. मी बाकीच्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि तिला विचारलं. तिनं एकच प्रश्न केला: "थांबले तर माझा आजार हाताबाहेर जाईल का?" मी म्हटलं, पेशी ताब्यात ठेवता आल्या तर क्रॉनिक अवस्थेत सहा महिन्यांचा उशीर बहुधा भरून काढता येतो, खात्री देत नाही, पण दर पंधरा दिवसांनी रक्त पाहू आणि ब्लास्ट वाढताना दिसले तर पुन्हा बसू. तिनं बाळ ठेवायचं ठरवलं. पुण्याहून येणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोललो, त्यांनी इंटरफेरॉन अल्फा-२बी सुचवलं.

इंटरफेरॉन पेशीत शिरून काय करतं

खरं तर ते पेशीत शिरतच नाही, आणि या प्रकरणात सगळं काही याच्यावर उभं आहे.

१९५७ मध्ये लंडनला मिल हिलच्या संशोधनसंस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमन कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यांवर काम करत होते. उष्णतेनं निकामी केलेला फ्लूचा विषाणू त्या पडद्याला लावला, तर नंतर आलेल्या जिवंत विषाणूला तो पडदा दाद देत नव्हता. एवढंच असतं तर विशेष नव्हतं. पण त्या पेशी ज्या द्रवात ठेवल्या होत्या तो द्रव नव्या पेशींवर घातला तर त्याही सुरक्षित झाल्या. म्हणजे पेशी काहीतरी बाहेर सोडत होत्या. विषाणूच्या कामात अडथळा आणणारं म्हणून त्याला इंटरफेरॉन नाव पडलं. गावात कुणाच्या तरी गोठ्यात रोग शिरला की दवंडी पिटली जाते, आणि ऐकणारा प्रत्येकजण आपापल्या घरी काय करायचं ते करतो. इंटरफेरॉनचं काम त्या दवंडीचं. ते स्वतः कुणाला मारत नाही.

पेशीच्या पृष्ठभागावर त्याला ऐकणारी दोन प्रथिनं असतात, आयफनार-१ आणि आयफनार-२. अल्फा इंटरफेरॉन या दोघांना जवळ आणतं. त्यांच्या आतल्या टोकांना टिक-२ आणि जॅक-१ ही विकरं चिकटलेली असतात. ती चेतवली जातात आणि स्टॅट-१, स्टॅट-२ या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण उमटवतात. खूण उमटलेली जोडी आयआरएफ-९ ला सोबत घेऊन केंद्रकात जाते आणि डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसते. तिथून शेकडो जनुकं एकदम कामाला लागतात. बाहेरून शिरलेलं काहीच नाही. पेशीच्याच कपाटातले आदेश बाहेर येतात.

कर्करोगाच्या पेशीवर याचा परिणाम तीन-चार बाजूंनी होतो. पी-२१ सारखी प्रथिनं वाढतात आणि विभाजनाचं चक्र मंदावतं. पीकेआर हे विकर नवी प्रथिनं बनवण्याचं काम थोपवतं, तर ओएएस आणि आरनेज-एल ही जोडगोळी आरएनए कातरते. ट्रेल, फास यांसारखे मृत्युसंकेत देणारे रेणू वाढतात. सीएमएलमध्ये आणखी एक खास गोष्ट आहे: या पेशींत आयआरएफ-८ हे वाढीला लगाम घालणारं प्रथिन फार कमी झालेलं असतं, आणि इंटरफेरॉनला चांगला प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांत ते पुन्हा वाढलेलं दिसलं आहे.

हे झालं पेशीच्या आतलं. बाहेर, पेशीच्या अंगावर एमएचसी-१ ची संख्या वाढते. या रेणूंवर पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे मांडून ठेवते, आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशी ते तपासत फिरतात. कर्करोगाच्या पेशी हे मांडणं कमी करून लपतात. इंटरफेरॉन ते वाढवायला लावतं. शिवाय बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या एनके पेशी चेतवल्या जातात, आणि टी पेशींना ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी पक्व होतात. इंटरफेरॉननं बऱ्या झालेल्या सीएमएलच्या रुग्णांच्या रक्तात प्रोटिनेज-३ या प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्याचं २००० मध्ये दाखवलं गेलं. त्या काळातल्या मोजक्या रुग्णांचा आजार औषध थांबवल्यावरही परतला नाही तो कदाचित म्हणूनच.

२००९ मध्ये उंदरांवरच्या कामातून आणखी एक धागा मिळाला. मज्जेतल्या झोपलेल्या मूळपेशींना इंटरफेरॉन अल्फा जागं करतं. इमॅटिनिबला नेमक्या याच निद्रिस्त पेशी दाद देत नाहीत, त्यामुळे दोन्ही औषधं एकत्र द्यायचे प्रयोग झाले, आणि फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीत एकत्र उपचारांनी खोलवरचा प्रतिसाद जास्त जणांना मिळाला. थकवा आणि इतर त्रासांमुळे बरेच जण सुई सोडून देतात, हा त्यातला कच्चा दुवा.

मग हे औषध इतिहासात का गेलं? सुरुवातीला ते फिनलंडमध्ये कारी कँटेल रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींतून काढत, थेंबाथेंबानं. १९८० मध्ये झुरिचला चार्ल्स वाइसमन यांच्या गटानं त्याचं जनुक जिवाणूत घातलं आणि मग ते मुबलक झालं. १९८६ मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमियासाठी परवानगी मिळाली. सीएमएलमध्येही चांगली पंधरा वर्षं तेच मुख्य औषध होतं. मग इमॅटिनिब आलं. १,१०६ रुग्णांच्या आयरिस चाचणीत दीड वर्षानंतर फिलाडेल्फिया गुणसूत्र पूर्ण नाहीसं झालेल्यांचं प्रमाण इमॅटिनिबच्या गटात ७६ टक्के आणि इंटरफेरॉन आणि सायटॅराबिन हे केमोचं औषध मिळालेल्या गटात १४.५ टक्के. एवढ्या फरकापुढं वाद संपतो. आपल्याकडं १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं स्वस्त जेनेरिक इमॅटिनिबचा रस्ता मोकळा राहिला, आणि खेड्यातल्या माणसालाही ही गोळी परवडू लागली.

माझ्या रुग्णासाठी मात्र १४.५ आणि ७६ ही तुलना गैरलागू होती. मला आजार नाहीसा करायचा नव्हता, बाळंतपणापर्यंत ताब्यात ठेवायचा होता. १६५ अमिनो आम्लांचा, जवळजवळ १९ किलोडाल्टन वजनाचा हा रेणू वार ओलांडून बाळाकडे म्हणण्याइतका जात नाही. ज्याला पेशीत शिरायची गरजच नाही असं मोठं प्रथिन, म्हणून ते इथं उपयोगी. इमॅटिनिबचं सामर्थ्य ते लहान असून पेशीत सहज शिरतं यात आहे, आणि या बाईच्या बाबतीत तोच त्याचा दोष.

सुईचे महिने

पंधराव्या आठवड्यात सुरुवात केली: ३० लाख युनिट, आठवड्यातून तीन रात्री, मांडीच्या कातडीखाली. आठवड्यातून एकदाच घ्यायचं पेगिलेटेड रूप मिळत होतं. पण साधं इंटरफेरॉन थांबवलं की लवकर उतरतं आणि डोस कमी-जास्त करायला सोपं, म्हणून तेच धरलं. कुपीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, कारण काही बनावटींत बेन्झिल अल्कोहोल हे परिरक्षक असतं आणि ते बाळाच्या दृष्टीनं नको. औषधवाल्यानं मागवताना विचारलंच, "सर, हे कोरोनाचं न्हवं?" २०२१ च्या लाटेत पेगिलेटेड इंटरफेरॉनला आणीबाणीची परवानगी मिळाली होती, ते त्याच्या लक्षात होतं.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. गावात फ्रिज होता, पण पावसाळ्यात जांबोटीकडे वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. मडक्यात ठेवू का, असं सासऱ्यांनी विचारलं. शेजारच्या मधुमेहवाल्यांचं इन्सुलिन मडक्यात राहतं म्हणे. वापरातल्या इन्सुलिनचं ते चालतं, याचं नाही. शेवटी खानापूर गावात राहणाऱ्या नणंदेच्या फ्रिजमध्ये साठा, आणि तिथून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत एकेक आठवड्याची कुपी, असं जमलं. नणंदेनंच सुई शिकून घेतली. भुकटीत पाणी घातल्यावर कुपी घुसळायची नाही, तळहातांत हळू फिरवायची; फेस आला की प्रथिन खराब होतं. "वन्सं माझ्यापेक्षा भारी डॉक्टर झाल्या" असं ती नंतर हसून सांगायची.

पहिल्या रात्री ताप. सुईनंतर चार तासांत हुडहुडी, अंग मोडून आलेलं, १०२ पर्यंत. याची पूर्वसूचना मी दिलेली असूनही नवऱ्यानं मध्यरात्री फोन केला. फ्लूमध्ये अंग दुखतं, थंडी वाजते, ते बऱ्याच अंशी विषाणूमुळं नव्हे तर शरीरानं सोडलेल्या इंटरफेरॉनसारख्या संदेशद्रव्यांमुळं. आपण तोच संदेश सुईतून पाठवतो, तर शरीरही तसंच वागणार. सुईच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल आणि झोपायच्या वेळी सुई, एवढ्यावर दोन आठवड्यांत ताप बसला. गरोदरपणात ताप चढू द्यायचा नाही, म्हणून पॅरासिटामॉल चुकवायचं नाही एवढं बजावलं. पुढं डोस आठवड्यातून पाच रात्रींवर नेला. सोबत ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम.

सगळ्यात अवघड गेला तो पहिला महिना, कारण आकडा हलेना. सतराव्या आठवड्यात १,०४,०००. मामांचा पुन्हा फोन. केमोच्या गोळ्यांची सवय असलेल्या डॉक्टरालाही हा वेग अस्वस्थ करतो. पण इंटरफेरॉन पेशी जाळत नाही. नव्या पेशी बनण्याचा वेग कमी करतं, असलेल्या पेशी आपल्या वयानं मरतात. उतार मंद असणारच. एकविसाव्या आठवड्यात ६१,०००, सव्विसाव्यात २४,०००, बत्तिसाव्यात १२,६००. प्लेटलेट २,१०,००० वर आल्या. गर्भाशय वाढल्यावर प्लीहा हाताला लागणं कठीण, म्हणून सोनोग्राफीवर मोजत होतो: १७ सेंटिमीटरची १३ झाली. ब्लास्ट एकदाही ३ टक्क्यांवर गेले नाहीत. भाकरी पुन्हा दोन-दोन जाऊ लागली.

थायरॉइड आणि मन

चोविसाव्या आठवड्यात टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) ७.८ आलं, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सकारात्मक. लपलेल्या पेशी शोधायला प्रतिकारशक्तीला उठवलं की ती कधी आपल्याच ग्रंथीकडे वळते. इंटरफेरॉन घेणाऱ्यांत हे नवं नाही, पण गरोदरपणात बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते, म्हणून इथं दोन महिने वाट पाहायला परवडत नाही. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू केलं, महिन्यानं टीएसएच जागेवर.

दुसरी गोष्ट रिपोर्टात आली नसती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आशाताईंनी फोन केला. "डॉक्टर, ती बोलंना झालीया. ओटीभरणाला पण तोंड उतरलेलं." घरचे म्हणत होते, आजारपण आहे, होणारच. मी नणंदेला विचारलं तर कळलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, आणि "माझ्यामुळं सगळ्यांना ताप" असं म्हणत असते. इंटरफेरॉन आयडीओ हे विकर वाढवतं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मग सेरोटोनिनकडे जायच्याऐवजी वेगळ्या वाटेनं खर्च होतं. एकट्या याच्यानं नैराश्य येतं असं नाही, पण औषधातून येणारं नैराश्य खरं असतं आणि ते घातकही ठरतं. जीव द्यावासा वाटतो का, हे मी तिला आडपडदा न ठेवता विचारलं. नाही म्हणाली, पण उत्तर द्यायला वेळ घेतला. पेशी तोवर ताब्यात होत्या, म्हणून सुई पुन्हा तीन रात्रींवर आणली, मराठीत बोलणाऱ्या समुपदेशकाकडे पाठवलं, आणि आशाताईंना आठवड्यातून दोनदा सहज म्हणून घरी जायला सांगितलं. तीन आठवड्यांत झोप सुधारली. पेशींचे आकडे वर गेले नाहीत. इंटरफेरॉन चालू असलेल्या कुठल्याही रुग्णाच्या घरातल्या एका माणसाला हे लक्षण आधीच सांगून ठेवावं, असं माझं मत आहे. रुग्ण स्वतः सांगत नाही.

ताप, थायरॉइड, मन: तिन्ही त्रास त्याच संदेशाचे. "ही सुई प्रतिकारशक्ती वाढवते, मग सगळ्यांनाच का देत नाही?" असं तिच्या दिरानं विचारलं होतं, कुठल्याशा व्हॉट्सॲप संदेशाच्या जोरावर. त्याला याच तीन गोष्टी दाखवल्या. शरीर स्वतःसुद्धा हा संदेश फार वेळ चालू ठेवत नाही; यूएसपी-१८, सॉक्स-१ ही प्रथिनं त्याच आदेशातून तयार होतात आणि त्यालाच थांबवतात. तो दीर्घकाळ चालू राहिला तर कर्करोगाच्या पेशी अंगावर पीडी-एल-१ हे टी पेशींना रोखणारं प्रथिन वाढवून त्यांना उलट थकवतात. घट्ट गाठींच्या कर्करोगांत इंटरफेरॉनची मोठी आशा पूर्ण झाली नाही त्याचं हे एक कारण. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात, मूत्रपिंडाच्या कर्करोगात ते वापरलं गेलं आणि मागं पडलं. तरी गंमत अशी की ज्या नव्या इम्युनोथेरपीनं त्याला मागं टाकलं, तिला चालायला इंटरफेरॉनचाच रस्ता लागतो: जॅक-१, जॅक-२ बिघडलेल्या मेलानोमात ती औषधं निष्प्रभ ठरल्याचं २०१६ मध्ये दिसलं. आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालेली एक जनुकीय उपचारपद्धती मूत्राशयाच्या अस्तरात अल्फा-२बी चंच जनुक पोचवते. औषध दारातून गेलं, खिडकीतून परत आलं.

बाळंतपण आणि नंतर

अडतिसाव्या आठवड्यात नैसर्गिक बाळंतपण झालं. मुलगी, २.७ किलो. रक्तस्राव नेहमीइतकाच, ॲस्पिरिन दोन आठवडे आधी थांबवलं होतं. बाळाच्या रक्तात काही वावगं नाही.

चौतिसाव्या आठवड्यात केलेल्या तपासणीत बीसीआर-एबीएल ३८ टक्के होतं. म्हणजे पेशींचा आकडा जवळपास सर्वसाधारण आणि आजार मात्र आतमध्ये भरपूर. इंटरफेरॉनकडून इतक्या थोड्या काळात यापेक्षा जास्तीची अपेक्षाही नव्हती. घरच्यांना हे समजावणं कठीण गेलं. रिपोर्टात पेशी बारा हजार, म्हणजे बरं झालं, असाच त्यांचा समज. नवऱ्याला मी काचेवरच्या पेशी आणि पीसीआरचा कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा त्यानं विचारलं, "म्हणजे गोळी टळली न्हाई?" टळली नव्हती.

अंगावर पाजणं चालू असताना इमॅटिनिब नको, कारण ते दुधात उतरतं. इंटरफेरॉन दुधात फार थोडं येतं आणि प्रथिन असल्यामुळं बाळाच्या पोटात पचून जातं. म्हणून सहा आठवडे सुई चालू ठेवून अंगावर पाजू दिलं. सासूबाईंना ते सहा महिने हवे होते. तज्ज्ञांना लगेच थांबवायचं होतं. सहा आठवडे हा तिनं स्वतः काढलेला मध्य. मग दूध तोडलं आणि इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम सुरू केलं, सोबत गर्भनिरोधक. तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल २.१ टक्के, १० च्या आत हवं असतं. वर्षानं ०.०६ टक्के, ०.१ च्या आत हवं असतं.

मागच्या भेटीत तिनं दुसऱ्या मुलाचं विचारलं. उत्तर आज देता येण्यासारखं नाही, पण आराखडा ठरला आहे: गोळी निदान पाच वर्षं, त्यातली शेवटची दोन वर्षं खोलवरचा प्रतिसाद टिकला तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थांबवायची आणि तेव्हा दिवस राहू द्यायचे. मध्येच बीसीआर-एबीएल वर आलं आणि गरोदरपण असलं, तर पुन्हा नणंदेचा फ्रिज. गोळी चालू असताना दिवस गेले तर पाळी चुकलेल्या आठवड्यातच फोन करायचा, महिनाभर थांबायचं नाही. हे तिला आणि नवऱ्याला वेगवेगळं सांगितलं आहे. थायरॉक्सिन चालूच आहे. पुढची पीसीआर तीन महिन्यांनी.